कमरेखालून लुळं पडलेलं मांजर: रोजची निगा, लघवी काढणं आणि बाकी सगळं

अबोली

नमस्कार मंडळी,

अपघातात मागचे पाय गेलेलं मांजर घरी सांभाळता येतं का, अशी विचारणा इथे अधूनमधून होते. प्रत्येक वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

आमच्याकडे रखमा आहे. गाडीच्या धक्क्याने पाठीचा कणा दुखावला, तेव्हापासून तिचे मागचे दोन्ही पाय आणि शेपूट कामातून गेली आहेत. आपणहून लघवी करता येत नाही. एवढं सांगितलं की समोरचा "अरेरे, बिचारी" म्हणतो आणि लगेच "मग ठेवलीत कशाला" असंही विचारतो. माझं म्हणणं असं, की हे काम शिकून येतं. ते शिकायच्या आधी, पहिल्या दोन दिवसांच्या भेदरलेल्या अवस्थेत, मांजराच्या आयुष्याचा निकाल लावू नका.

सगळ्यात महत्त्वाचं काम लघवीचं, म्हणून तेच आधी लिहिते. सकाळी उठल्यावर, दुपारी कधीतरी आणि रात्री झोपण्यापूर्वी, अशी दिवसातून तीन वेळा तिची लघवीची पिशवी रिकामी करावी लागते. बाथरूममध्ये जमिनीवर अंडरपॅड पसरते. (मेडिकलच्या दुकानात आजारी माणसांसाठी मिळतात तेच.) रखमाचं तोंड माझ्यापासून पलीकडे, पुढचे पाय जमिनीवर टेकलेले. डाव्या हाताने छाती सावरायची, उजवा हात पोटाखालून घ्यायचा, अंगठा एका कुशीला आणि बाकीची बोटं दुसऱ्या कुशीला, मांड्यांच्या जरासं पुढे. तिथे पाणी भरलेल्या फुग्यासारखी पिशवी हाताला लागते. पहिल्या दिवशी कुणालाच ती सापडत नाही. आतड्यातले शीचे खडे आणि पिशवी यांतला फरक बोटांना कळायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवून शिका, नुसते व्हिडिओ बघून प्रयोग करू नका.

पिशवी सापडली की बोटांच्या टोकांनी चिमटायचं नाही. बोटं सपाट ठेवून सावकाश, एकसारखा दाब द्यायचा, किंचित शेपटीच्या दिशेने. क्षणभर काहीच होत नाही. इथेच नवी माणसं घाबरून हात काढतात. दाब तसाच धरून ठेवला की पिशवीच्या तोंडाची झडप सैल पडते आणि धार सुटते. धार चालू असेपर्यंत हात हलवायचा नाही. पिशवी हातातल्या हातात चपटी होत जाते, शेवटी नुसते थेंब येतात, तेव्हा झालं. रखमा या सगळ्या वेळात बाथरूमच्या खिडकीकडे बघत बसलेली असते. तिला ना राग, ना दुःख.

जोर लावूनही येत नसेल तर थांबा. थोड्या वेळाने परत करा, तरी नाही आली तर सरळ दवाखाना गाठा. हट्टाने दाबत राहिलं तर पिशवी फुटू शकते. बोका असेल तर जास्तच जपा. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट बुच अडकतं, आणि लघवी पूर्ण तुंबलेलं मांजर एक-दोन दिवसांत जिवाला मुकू शकतं.

पांढऱ्या अंडरपॅडचा दुसरा फायदा म्हणजे रोजच्या रोज लघवी नजरेखालून जाते. गढूळ दिसली, गुलाबी झाक आली, वास बदलला आणि त्याच दिवशी वाटीतलं जेवण शिल्लक राहिलं, तर संसर्गाची शंका घ्यायची. अशा मांजरांना तो होतोच अधूनमधून, कारण पिशवी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होत नाही. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक घरच्या घरी सुरू करू नका. लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध लागू पडेल याची तपासणी) करून मगच औषध घ्या, नाहीतर जंतू चिवट होत जातात आणि खऱ्या गरजेच्या वेळी काहीच लागू पडत नाही.

शीचं त्यामानाने सोपं. लघवी काढताना पोटावर दाब येतो तेव्हा बहुतेकदा शीही होते. नाही झाली तर ओल्या कोमट कापसाने गुदद्वाराभोवती हलकंसं पुसायचं, मांजरी पिल्लांना चाटून करवतात त्याच कारणासाठी. बद्धकोष्ठ होऊ न देणं मोठं काम आहे. आम्ही ओलं खाणं देतो, त्यात वरून पाणी घालतो, उकडलेला लाल भोपळा चमचाभर कालवतो आणि डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे लॅक्ट्युलोज, म्हणजे शी मऊ करणारं औषध. चिकन उकडलेलं पाणी ती आवडीने पिते, पण ते मीठ, कांदा, लसूण न घालता उकडायचं. कांदा-लसणाने मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

त्वचेचं पथ्य म्हणजे ओलं ठेवायचं नाही. लघवी अंगावर वाळली की मांड्यांच्या आत लाल चट्टे उठतात. कोमट पाण्याने पुसून जुन्या सुती पंचाने टिपून कोरडं करायचं. लहान बाळांची रॅशची क्रीम लावू नका, बहुतेकांत झिंक ऑक्साइड असतं. मांजर ते चाटतं आणि झिंक पोटात गेलं की विषबाधा होते.

आता फरशी. मागचं धड फरपटत नेल्यामुळे घोट्यांची आणि मांड्यांची कातडी सोलवटते. बाजारात कुत्र्यांच्या चाकगाड्या मिळतात. घरात, खुर्च्या-टेबलांच्या पायांतून, मांजराला त्या गाडीचा अडथळाच जास्त होतो असं माझं मत. आमच्या शिंपीणकाकूंनी परकराच्या सॅटिनच्या अस्तराची एक पिशवी शिवून दिली. कमरेपासून मागचं सगळं आत जातं, खांद्यांवरून दोन नाड्या. गुळगुळीत असल्याने टाइल्सवर सुळकन सरकते. दिवसातले काही तास ती, बाकी वेळ मोकळं, कारण सतत घातली तर आत घाम आणि ओल धरते. जिथे रखमाला वेग घ्यायला आवडतं तिथे, म्हणजे हॉलमध्ये, सतरंज्या अंथरल्या आहेत, पुढच्या पंजांना पकड मिळते.

पायांना संवेदना नाही ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्की बसायला हवी. गरम पाण्याची पिशवी टेकली तर ती हलणार नाही, भाजेल. उन्हाळ्यात गच्चीची फरशी, हिवाळ्यात हीटर, तसंच. मागच्या पायांची नखं झिजत नाहीत, वाढून गादीत रुततात, ती नियमाने कापायची. काही मांजरं बधिर बोटं कुरतडतात, तसं दिसलं की लगेच गळ्यात शंकूसारखी कॉलर घालायची, म्हणजे तोंड पायापर्यंत पोचत नाही, आणि डॉक्टरांना दाखवायचं. रोज थोडा वेळ पाय हातात धरून सावकाश दुमडायचे, सरळ करायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत.

आणि रखमा दिवसभर करते काय? खिडकीत खारी बघते. पुढच्या दोन पायांच्या जोरावर गादीवर चढते, आधी एक पंजा, मग दुसरा, मग खांद्यांना झटका देऊन बाकीचं धड वर. तिचे खांदे चाचपून बघा, कसे टणक झालेत. पडद्यामागे दबा धरून आमच्या धडधाकट बोक्याच्या शेपटीवर झडप घालते आणि तो पळतो. मांजराला आपण "अपंग" आहोत हे माहीत नसतं, त्याला फक्त आज काय करता येतं तेवढंच माहीत असतं.

तुमचे अनुभव लिहा. वेगळ्या कारणाने विशेष निगा लागणारी मांजरं असतील तर तीही येऊ द्या.

---

केशरभात

फार उपयोगी धागा. डायपर वापरता का?

---

अबोली

@केशरभात, प्रवासात किंवा पाहुणे असतील तेव्हाच. नवजात बाळाचं सगळ्यात लहान मापाचं घ्यायचं, शेपटीसाठी भोक पाडायचं, कडेला कागदी चिकटपट्टी लावायची म्हणजे आतला जेल बाहेर येत नाही. डायपर घातलं म्हणजे लघवी काढायचं काम टळलं असं मात्र होत नाही.

---

निळीशाई

हा धागा नेमका आज दिसला. हात थरथरतायत, चुकलंमाकलं समजून घ्या.

परवा आमचा मोती चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. दीड वर्षाचा बोका आहे. शुद्धीत आहे, छातीला काही नाही, एक्स-रेमध्ये कण्याला मार दिसतोय. मागचे पाय हलत नाहीत. जवळच्या दवाखान्यात सांगितलं की त्याला इंजेक्शनने कायमचं झोपवणं हेच दयेचं, उद्या या. घरी सगळे रडतायत. सासूबाई म्हणतात त्याचे हाल नकोत, नवरा म्हणतो तू ठरव. लघवी थोडी थोडी गळतेय, म्हणजे ती तरी आपली आपण होतेय असं धरू का? अबोलीताई, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

---

अबोली

निळीशाई, आधी तातडीचं. गळतेय म्हणजे होतेय, असं धरू नकोस. पिशवी काठोकाठ भरली की वरचं वरचं सांडतं, त्याचेही थेंब असेच दिसतात. आज रात्रीच कुठल्याही डॉक्टरांकडून पिशवी तपासून, रिकामी करून घे. तू स्वतः आज दाबू नकोस. पडलेल्या मांजराच्या पिशवीला आतून इजा झालेली असू शकते, ती नाही हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुसरं, त्याला पिंजऱ्यात किंवा मोठ्या खोक्यात ठेव, उचलताना फळीसारख्या सपाट वस्तूवरून उचल. आणि क्रोसिन, डोलो काहीही देऊ नकोस. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, ते पचवायची यंत्रणाच त्यांच्या यकृतात नीट नसते. वेदनेवर मांजरांना चालणारी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर देतील.

तुझ्या जागी असते तर उद्याची वेळ पुढे ढकलली असती आणि मज्जासंस्थेची नीट तपासणी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं असतं. वेदना आटोक्यात असतील तर चार दिवस थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही. आणि सासूबाईंशी भांडू नकोस, त्याही त्याच्या मायेपोटीच बोलतायत.

---

गुरांचा डॉक्टर

निळीशाई ताई, मी पशुवैद्य आहे, सध्या साताऱ्याकडे. रोजचं काम जास्त करून गाई-म्हशींचं, पण शिकताना मांजरं बरीच हाताळली. न पाहता मोतीबद्दल मत देणार नाही. उद्या काय विचारायचं ते सांगतो.

पहिला प्रश्न: मागच्या पायांत खोल संवेदना आहे का? बोटाचं हाड चिमट्याने दाबून बघतात. दाबल्यावर पाय आखडून घेतला एवढ्याने संवेदना आहे असं ठरत नाही. ती कण्याच्या खालच्या भागातली प्रतिक्षिप्त क्रिया असते, वरचा संपर्क पूर्ण तुटला असला तरी दिसते. त्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, तर निरोप मेंदूपर्यंत पोचतोय. तसं असेल तर पाय परत यायची आशा बरीच असते. नसेल तर चालण्याची शक्यता कमी, पण जगणं त्यावर अडत नाही, अबोली ताईंची रखमा आहेच समोर.

दुसरा: मार नेमका कुठे आहे? पाठीच्या मधल्या भागापासून कमरेच्या सुरुवातीपर्यंत असेल तर पिशवीची झडप आवळलेली राहते, लघवी काढायला जड जाते, झडप सैल करायला डॉक्टर प्राझोसिनसारखं औषध देतात. त्याहून खाली, कमरेच्या शेवटाला असेल तर पिशवी सैल पडते. रिकामी करायला सोपी, पण दिवसभर गळते आणि त्वचेचं काम वाढतं. चाकाखाली शेपटी सापडून ती मुळाशी ओढली गेलेली मांजरंही याच दुसऱ्या गटात येतात. त्यांच्यात शेपटीच्या मुळाशी संवेदना शिल्लक असेल तर लघवीवरचा ताबा बहुधा परत येतो, आणि येणारा असेल तर पहिल्या महिनाभरात येतो.

तिसरा: मणका सरकलाय का, शस्त्रक्रिया लागेल का, की पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती पुरेल.

उंचावरून पडलेल्या मांजरांबद्दल न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाचा 1987चा अभ्यास प्रसिद्ध आहे. 132 मांजरं होती, उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली. त्यावरून "मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं" हा समज मात्र पक्का करून घेऊ नका. वाचलेल्या मांजरांतही फुप्फुसाला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं भरपूर होतं. खिडक्यांना जाळी लावा. नुसती डासांची जाळी पुरत नाही, ती नखांनी फाटते.

दुसऱ्या मतासाठी शिकवणी रुग्णालयं चांगली. मुंबईत परळला 1886पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच आवारात बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पुणे-साताऱ्याच्या लोकांना शिरवळ, विदर्भात नागपूर, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर. तुम्ही ठाण्या-मुंबईकडच्या असाल तर परळ गाठा.

---

डोलूची आई

अबोली, तू म्हणालीस म्हणून आमच्या डोलूचं लिहिते. आम्ही सांगलीचे.

डोलू जन्मापासून डुलते. चालताना पाय फाकतात, कुशीवर पडते, उठते, पुन्हा चालते. तिची आई गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक विषाणूजन्य आजार, झाला असणार. तो विषाणू पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटवतो. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस दिली तरी असं होऊ शकतं, म्हणून लस आधीच द्यायची. हे पुढे वाढत नाही आणि दुखतही नाही, हे कळायच्या आधी आम्ही किती रात्री जागलो!

तिचं एक वैशिष्ट्य असं की स्वस्थ असते तेव्हा डोकं स्थिर. खाण्यावर लक्ष एकाग्र केलं की डोकं जोरात हलायला लागतं, वाटीच्या काठावर हनुवटी आपटते. म्हणून वाटी बदलली. पसरट, जड, दगडी, आणि पाटावर ठेवलेली, म्हणजे मान फार खाली घालावी लागत नाही. मातीच्या पेटीला तीन बाजूंनी उंच कडा ठेवल्यात, ती त्यांना टेकून उभी राहते आणि व्यवस्थित कार्यक्रम उरकते. जिन्याला आडवी फळी. पलंगाच्या कडेने जुन्या गोधड्या. एवढं केलं की तिचं ती बघते. बाहेर सोडत नाही, कुत्र्यापुढे तिला पळता येणार नाही.

माझ्या मुलीच्या मैत्रिणी येतात त्यांना पहिल्यांदा वाईट वाटतं. थोड्या वेळाने त्या डोलूच्या वेगाने दोरी ओढायला शिकतात.

---

संत्रानगरी

नागपूरवरून. आमची बबडी सोळा वर्षांची आहे, किडन्या थकल्यात. पाय शाबूत असले तरी रोजची निगा हीच.

डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापात रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाइन) त्वचेखाली द्यावं लागतं, आमच्याकडे एक दिवसाआड. बाटली पडद्याच्या दांडीला अडकवतो. द्यायच्या आधी कोमट पाण्यात धरून ठेवतो. थंड सलाइन आत गेलं की ती दचकते, कोमट असलं की बसून राहते. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तंबू झाला की सुई त्याच्या तळाशी, आडवी. जाताना तिथे मऊ उंचवटा होतो, हळूहळू एका पंजाकडे उतरतो, काही तासांत जिरतो. पहिल्यांदा ते बघून माझी बायको घाबरली होती, म्हणून मुद्दाम लिहिलं. प्रत्येक वेळी नवी सुई.

अजून एक. म्हाताऱ्या मांजराला एका रात्रीत दिसेनासं झालं, बुबुळं मोठी राहिली, भिंतीला धडकायला लागलं, तर "वय झालं" म्हणून बसू नका. किडनीच्या आजारात रक्तदाब चढतो आणि डोळ्याचा पडदा सुटतो. लगेच दाखवलं तर रक्तदाबाच्या गोळीने कधीकधी थोडीफार नजर वाचते. बबडीची एका डोळ्याची वाचली. आता आम्ही फर्निचर हलवत नाही. दिवाळीत सोफा सरकवायचा झाला तरी तिला आधी दोन-तीनदा तिथून फिरवून आणतो.

आमच्या उन्हाळ्यात कूलर तिच्या खोलीत लागतो, आम्ही तिच्या खोलीत जाऊन झोपतो.

---

माळावरचा

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आमच्या गावाकडे मांजर आजारी पडलं की कुठेतरी आडोशाला जाऊन शांत पडायचं. दिवसातून तीन वेळा हाताने लघवी काढून जगवणं हे मांजरासाठी आहे की आपल्याला निरोप द्यायला जमत नाही म्हणून? मनापासून विचारतोय, कुणाला दुखवायचं नाही.

---

अबोली

@माळावरचा, प्रश्न रास्त आहे आणि मला तो आवडला. आडोशाला पडलेलं मांजर शांत असतं असं आपल्याला वाटतं. लघवी तुंबून मरणं अतिशय वेदनेचं असतं, मांजर फक्त ओरडून सांगत नाही. म्हणून तो पर्याय मला निरोप वाटत नाही.

पण थांबायची वेळ असते, हे मान्य. रखमाच्या बाबतीत मी बघते ती पुढचा पंजा चाटून तोंड धुते का. मांजराने स्वतःची स्वच्छता सोडली की काहीतरी बिनसलंय. वाटीचा आवाज ऐकून येते का, बोक्यावर डाफरते का, खिडकी मागते का. हे सगळं सुटलं, संसर्ग औषधांना दाद देईनासे झाले, वेदना हटेना, तर मी तिला धरून ठेवणार नाही. तो दिवस आला तर दवाखान्यात तिचं डोकं माझ्या हातातच असेल. आज तो दिवस नाही, आणि आज तिला जगायचंय हे तिच्याकडे बघून कुणालाही कळेल.

---

गुरांचा डॉक्टर

माळावरचा, यासाठी अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांनी सात गोष्टी तपासायची पद्धत दिली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. हालचालीत कमी गुण मिळालेलं जनावर बाकी सहांत उत्तम असू शकतं. शेतकऱ्यालाही मी हेच विचारतो, की ती खातेय का, रवंथ करतेय का. फक्त पाय बघून ठरवत नाही.

---

माळावरचा

डॉक्टर, अबोलीताई, पटलं. लघवी तुंबण्याच्या वेदनेचं माहीत नव्हतं. गावाकडे वाड्यात मांजरं आहेत, पुढच्या वेळी लक्ष ठेवीन. वाड्यात फरशी काळ्या फिनाईलने पुसतात, ते चालतं का?

---

अबोली

अजिबात नाही. फिनाईल पंजांना लागतं, मांजर पंजे चाटतं, आणि मांजरांना फिनॉल पचत नाही. फरपटणाऱ्या मांजराच्या तर पोटालाही लागतं. मी साबणाच्या पाण्याने पुसते, मग साध्या पाण्याने. लघवीच्या वासाला पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून. कुत्र्यांसाठीचं मानेवर सोडायचं गोचिडीचं औषधही मांजराला लावू नका, त्यातल्या पर्मेथ्रिनने झटके येतात.

आणि गावाकडे नुसता दूध-भात घालत असाल तर मासळी, मटणाचे तुकडे, कलेजी थोडी थोडी वाढवा. टॉरिन हे द्रव्य मांजरांना मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं.

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. उशिरा लिहितेय.

त्या रात्रीच पिशवी रिकामी करून घेतली, प्रचंड भरली होती. इजा नव्हती. दुसऱ्या दिवशी परळला नेलं. बोट दाबल्यावर मोतीने डॉक्टरांच्या हातमोज्याला चावा घेतला आणि मी आणि नवरा दोघंही रडायला लागलो. खोल संवेदना आहे. मणका सरकलेला नाही. सध्या पिंजऱ्यात विश्रांती, वेदनेचं औषध, झडप सैल करायचं औषध. पाय येतील का हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही म्हणाले, आणि मला तेवढं पुरे आहे.

तिथल्या डॉक्टरांनी माझा हात धरून पिशवी दाखवली. काल संध्याकाळी पहिल्यांदा मी एकटीने धार काढली. सासूबाई दिवा लावून आल्या होत्या, दारात उभ्या राहून बघत होत्या, "झाली का गं सगळी?" म्हणाल्या. आज सकाळी त्यांनीच त्याचा पुढचा भाग धरला.

आता दोन शंका. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे कोल्हापूरला, तीन दिवस. मोतीला नेऊ का ठेवू? आणि तो पिंजऱ्यात खूप ओरडतो, बाहेर काढू का?

---

अबोली

निळीशाई, किती बरं वाटलं वाचून! चावला ते उत्तमच झालं.

पिंजऱ्यातून काढू नकोस, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण कर. बहुधा कंटाळून ओरडत असेल. पिंजरा घरातल्या वर्दळीच्या जागी ठेव, अर्धा भाग चादरीने झाक म्हणजे त्याला हवं तेव्हा लपता येईल. खाणं एकदम वाटीत न देता दिवसभरात थोडं थोडं बोटाने दे. पुढच्या पंजांनी खेळेल असं पीस जाळीतून हलव.

लग्नाला नेऊ नकोस. तीन दिवसांचा गोंगाट आणि प्रवास त्याला झेपणार नाही. आजपासूनच दुसरं माणूस तयार कर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुमनताईंना मी शिकवलं, आणि त्यांचा हात आता माझ्यापेक्षा हलका आहे. गणपतीत आम्ही गावी जातो तेव्हा त्याच करतात, त्याचे वेगळे पैसे देते, आणि द्यायलाच हवेत, हे कौशल्याचं काम आहे. शिकवताना आधी आठवडाभर त्यांना तुझ्यासमोर करू दे. पिशवी भरलेली असताना आणि रिकामी झाल्यावर, दोन्ही वेळा चाचपायला लाव, म्हणजे फरक बोटांत बसतो. भिंतीवर कागद लाव: वेळ, लघवी किती झाली, रंग, शी, खाणं, औषध. आणि माणूस तयार झालं नाही तर, मांजरांची लघवी काढता येते असा दवाखाना आधीच फोन करून शोधून ठेव. "पाळीव प्राणी ठेवतो" म्हणणाऱ्या सगळ्यांना हे येत नाही, स्पष्ट विचार.

सॅटिनच्या पिशवीचं माप हवं असेल तर सांग. मोतीची कंबर आणि मांडीपासून पंजापर्यंतची लांबी टेपने मोजून ठेव, पण विश्रांतीची मुदत संपल्यावरच. तोवर त्याला पायच आले तर पिशवी लागणारच नाही.